मोडेम, लाईन आणि अर्थिंग: छोटं डायल-अप केंद्र उभं करताना

२००० साली मी एका जिल्ह्याच्या गावी छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे कामाला होतो. आमची मोडेमची खोली माळ्यावर होती. मोडेम म्हणजे संगणकाचा मजकूर फोनच्या तारेवरून जाईल अशा सुरांत बदलणारा आणि पलीकडे परत उलगडणारा डबा. दहा बाय बाराची जागा, लोखंडी अँगलच्या फळ्या, त्यावर १६ बाहेरचे मोडेम आणि प्रत्येकाच्या पोटाशी एक तापलेला अडॅप्टर. मालकांनी सगळ्यात जास्त पैसे सर्व्हरवर घातले होते. लाईनी मात्र १६ आणि खाती ३००. रात्री जेवणं उरकली की गावातून फोन सुरू व्हायचे आणि बहुतेकांना एंगेज टोन मिळायचा. सर्व्हर तेव्हा जवळजवळ रिकामा बसलेला असायचा.

आता पॉलिटेक्निकची मुलं, जुने संगणक जमवणारे हौशी लोक आणि शाळेत छोटं संगणक-संग्रहालय लावू पाहणारे शिक्षक मला विचारतात की डायल-अप, म्हणजे फोनचा नंबर फिरवून मिळणारं इंटरनेट, पुन्हा चालू करून दाखवता येईल का. येतं. टेबलावर मावेल इतक्या सामानात खराखुरा पुरवठादार उभा राहतो, आणि दूरसंचार शिकायला याच्यासारखं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. हा लेख त्या उभारणीचा आहे. तेव्हाचे हिशेबही जोडीला देतो, कारण कुठली वस्तू का घ्यायची ते त्यांच्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे सांगितलेली मांडणी तुमच्या आवारातल्या खासगी तारांपुरती आहे. सार्वजनिक टेलिफोन जाळ्यावरून लोकांना इंटरनेट पुरवायचं तर दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. नोव्हेंबर १९९८च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं तेव्हा परवान्याचे तीन वर्ग होते. ‘अ’ देशभरासाठी, ‘ब’ एका दूरसंचार मंडळासाठी आणि ‘क’ साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. ‘क’ वर्गाला ३ लाखांची बँक हमी पुरत असे, म्हणून गावोगावचे लोक या धंद्यात उतरले. त्याआधी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला सामान्यांसाठी सेवा सुरू केली होती. विद्यार्थ्यांना त्यात नुसत्या अक्षरांचं शेल खातं मिळे, चित्रं नाहीत. तुमच्या केंद्रावर तसं खातंही ठेवता येईल. ते कसं, ते पुढे येतं.

पहिली पायरी: लाईनी किती?

सामान घेण्याआधी हा आकडा काढा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. डायल-अपमध्ये एका वेळी एक माणूस एक लाईन धरून बसतो. १० लाईनी असतील तर अकराव्याला जागा नाही.

तेव्हा सगळीकडे ‘दहा गिऱ्हाइकांमागे एक मोडेम’ असा ठोकताळा सांगायचे. तो लहान केंद्राला फसवतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९१७ साली याचं सूत्र मांडलं आणि ते आजही तितकंच लागू आहे. एक लाईन तासभर सतत व्यापली गेली तर तो एक एर्लांग. शंभरातल्या एकालाच एंगेज मिळावा अशी अट घातली तर १० लाईनी सुमारे ४.५ एर्लांग पेलतात, १६ लाईनी ८.९ आणि ३० लाईनी २०.३.

आता गर्दीच्या तासात प्रत्येक गिऱ्हाईक सरासरी ६ मिनिटं जोडलेला असतो असं धरा, म्हणजे माणशी ०.१ एर्लांग. मग १० लाईनींवर ४५ गिऱ्हाइकं सुखाने राहतील, ३० लाईनींवर मात्र २०० राहतील. लाईनी तिप्पट झाल्या पण गिऱ्हाइकं साडेचारपट. मोठा गट लाईनी जास्त चांगल्या वापरतो, लहान गटाला मोकळीक जास्त ठेवावी लागते. ठोकताळ्यावर विसंबून १० लाईनींना १०० गिऱ्हाइकं दिलीत तर दर पाच फोनांमागे एकाला एंगेज ऐकू येईल. आमच्याकडे १६ लाईनींवर ३०० होते. त्यातल्या कित्येकांनी महिन्याभरात खातं सोडलं, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

वर्गातल्या किंवा संग्रहालयातल्या मांडणीला २ लाईनींपासून सुरुवात करा, पुढे ४ करा. २ असल्या तरच हंटिंग दाखवता येतं: एकच नंबर फिरवायचा आणि पहिली लाईन व्यस्त असली की फोन आपोआप दुसरीवर जातो.

दुसरी पायरी: टेलिफोनचं जाळं कुठून आणायचं?

इथे तीन वाटा आहेत आणि मी त्या तिन्ही करून पाहिल्यात.

सगळ्यात सोपी आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हमखास सुचवतो ती वाट म्हणजे जुना ईपीएबीएक्स, कार्यालयातलं छोटं खासगी एक्स्चेंज. छोट्या कार्यालयांत, लॉजमध्ये, दवाखान्यांत ३ लाईनी आणि ८ एक्स्टेन्शनचे डबे भिंतीवर असायचे. आता ते भंगारात किंवा जुन्या बाजारात मिळतात. एका एक्स्टेन्शनवर केंद्राचा मोडेम, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाचा. दोन आकडी नंबर फिरवला की झालं. बाहेरची लाईन जोडायचीच नाही. घेताना एवढं बघा की एक्स्टेन्शन साध्या फोनची आहेत, डिजिटल की-फोनची नाहीत. की-फोनच्या जागी मोडेम लावला तर मोडेम जळू शकतो. साधा पाच-सहाशेचा फोन सोबत न्या, प्रत्येक एक्स्टेन्शनवर लावून डायल टोन ऐका आणि घंटा वाजवून बघा. खरखर असलेली पोर्टं तिथेच सोडून द्या. मग प्रोग्रॅमिंगमध्ये जाऊन कॉल वेटिंगची बीप आणि मध्येच घुसण्याची सोय बंद करा. माणसाला ती बीप चालते, पण मोडेमच्या संभाषणाचा तिने तुकडा पडतो.

या डब्यांचा डायल टोन कधीकधी वेगळा असतो आणि मोडेम ‘डायल टोन नाही’ म्हणून अडून बसतो. त्याला ‘एटी एक्स ३’ ही आज्ञा द्या. मग तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो, एंगेज मात्र ओळखतो.

दुसरी वाट म्हणजे व्हीओआयपी, संगणकाच्या जाळ्यावरून चालणारा फोन: एका संगणकावर अ‍ॅस्टेरिस्क (एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) आणि त्याला जोडलेले फोन-अडॅप्टर. सामान सहज मिळतं, नंबर हवे तसे ठेवता येतात, हंटिंग छान जमतं. त्रास वेगळाच आहे. कोडेक (आवाज आकड्यांत बसवण्याची पद्धत) जी-७११ सोडून दुसरा ठेवू नका. बाकीचे कोडेक माणसाच्या आवाजासाठी बनलेत, ते मोडेमचा सूर चिरडून टाकतात. शांततेत पाकिटं न पाठवण्याची सोय बंद करा, इको कॅन्सलर (प्रतिध्वनी पुसण्याची सोय) बंद करा, जिटर बफर (मागेपुढे येणारी पाकिटं ओळीत लावणारी साठवण) स्थिर ठेवा, आवाज वाढवण्या-कमी करण्याचे आकडे शून्यावर आणा. वाय-फाय नको, तार हवी.

एवढं करूनही जोडणी दर सहा-सात मिनिटांनी अडखळते, आणि ते का होतं हे मला फार उशिरा समजलं. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. दोन वेगळ्या अडॅप्टरांत दोन वेगळी स्फटिकाची घड्याळं असतात. त्यांच्यात दशलक्षात ५० भागांचा फरक असेल तर सेकंदाला ०.४ नमुना इकडचा तिकडे होतो. २० मिलिसेकंदांच्या पाकिटात १६० नमुने मावतात, म्हणजे साधारण ४०० सेकंदांनी एक अख्खं पाकीट जास्तीचं होतं किंवा कमी पडतं. माणसाच्या कानाला ते कळतही नाही. मोडेमला मात्र पुन्हा सूर जुळवत बसावं लागतं. उपाय सोपा आहे. दोन्ही टोकांचे मोडेम एकाच पेटीवर घ्या, म्हणजे ४ किंवा ८ एफएक्सएस (साधा फोन जोडायच्या) पोर्टांचं एकच गेटवे. घड्याळ एक झालं की हा त्रास जातो.

तिसरी वाट खऱ्या पुरवठादाराची, ई-१ची. २.०४८ मेगाबिटची एक डिजिटल लाईन, तिच्यात ३२ कप्पे. शून्य क्रमांकाचा कप्पा मेळ राखायला, सोळावा संकेतांना आणि उरलेल्या ३० कप्प्यांत ३० फोन. दोन जोड तारांवरून ३० गिऱ्हाइकं येतात आणि ३० मोडेमांची फळी नाहीशी होते. अमेरिकेत याच कामाला टी-१ असतो, त्यावर प्रायमरी रेटचे २३ फोन बसतात. परदेशातून जुनं यंत्र मागवणार असाल तर ते कोणत्या जातीचं आहे ते आधी बघून घ्या.

ई-१ची खरी गरज कुठे पडते? ५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) हवं असेल तर. खोक्यावर ‘५६ के’ लिहिलेले दोन मोडेम समोरासमोर लावले तरी ३३.६च्या वर जात नाहीत, आणि मुलांना वाटतं मोडेम खराब आहे. मोडेम चांगला असतो. व्ही-९० हे मानक १९९८चं, आणि त्यात असं गृहीत आहे की पुरवठादाराचं टोक डिजिटलच असेल. आवाजाचं आकड्यांत रूपांतर करताना प्रत्येक वेळी थोडी गोलाई येते आणि त्या गोलाईच्या खरखरीने वेग अडतो. पुरवठादाराकडून आकडे थेट एक्स्चेंजमध्ये गेले तर उतरत्या दिशेला ती पायरीच गळते. गिऱ्हाइकाकडून वर जाताना पायरी आहेच, म्हणून तिकडचा वेग ३३.६च राहतो.

प्रयोगशाळेत हे करायचं तर जुना सिस्को एएस ५३०० किंवा लिव्हिंग्स्टन पोर्टमास्टर ३ यांसारखा, मोडेम पोटातच असलेला, अ‍ॅक्सेस सर्व्हर, अ‍ॅस्टेरिस्कच्या संगणकात ई-१ कार्ड आणि मध्ये क्रॉस केबल लागते. १-२ची जोडी पलीकडे ४-५वर आणि ४-५ची १-२वर. घड्याळ एकाच टोकाने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. एचडीबी-३ (तारेवरच्या संकेताचा प्रकार) आणि सीआरसी-४ (चूक पकडण्याची सोय) दोन्हीकडे सारखं ठेवा. गिऱ्हाइकाची अ‍ॅनालॉग लाईनसुद्धा त्याच घड्याळावर चालणाऱ्या चॅनेल बँकेतून (ई-१चे कप्पे साध्या फोनच्या लाईनींत उलगडणाऱ्या पेटीतून) काढा, साध्या अडॅप्टरातून काढली तर ५६ टिकत नाही. ही वाट महाग आहे आणि पंख्यांचा आवाज फार. पहिल्या वर्षी तिच्याकडे वळू नका.

तिसरी पायरी: मोडेम

सिरियल पोर्टचे बाहेरचे मोडेम घ्या. यूएस रोबोटिक्सचे स्पोर्टस्टर आणि कुरिअर, मल्टिटेक, झायझेल यांतलं काही मिळालं तर उत्तम. आपल्याकडे डी-लिंकचेही पुष्कळ विकले गेले, जुन्या कपाटांत ते सापडतात. संगणकाच्या आत बसणारं स्वस्तातलं कार्ड घेऊ नका. त्यातली बरीचशी विनमोडेम असतात, म्हणजे निम्मं काम ते विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलतात आणि केंद्राच्या लिनक्सवर अडून बसतात. नवीनच घ्यायचा असेल तर ज्याच्यात स्वतःचा कंट्रोलर आहे असा यूएसबी मोडेम चालतो. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ त्यातला आहे.

केंद्राच्या बाजूचे सगळे मोडेम एकाच कंपनीचे आणि एकाच फर्मवेअरचे असावेत. आमच्या फळीवर तीन जातींचे होते. ‘काल लागत होतं, आज लागत नाही’ अशी तक्रार आली की काल आणि आज त्याला वेगवेगळे मोडेम मिळाले होते एवढंच निघायचं. ते शोधण्यात रात्री जात. एक मोडेम फळीवर कोरा, जादा ठेवा. आणि प्रत्येकाचा मूळ अडॅप्टर त्याच्याच सोबत बांधून ठेवा. कुणाला ९ व्होल्ट एसी लागतो, कुणाला डीसी, आणि पिना सारख्याच दिसतात.

चौथी पायरी: मोडेम ते सर्व्हर

इथे चुका लपून राहतात. मोडेम तारेवर ३३.६ने बोलत असला तरी तो आतून मजकूर दाबतो आणि उलगडतो, म्हणून सर्व्हरशी त्याचा वेग १,१५,२०० ठेवायचा. या वेगाला सुमारे ८७ मायक्रोसेकंदांनी एक अक्षर येतं. १६५५० चिपमध्ये १६ अक्षरांची रांग आहे, तिच्याआधीच्या चिपांत एकाच अक्षराची जागा होती. जुनं मल्टिपोर्ट कार्ड घेत असाल तर चिपवरचा नंबर वाचूनच घ्या. आज यूएसबी-सिरियल केबल सोपी पडते, पण एफटीडीआयच्या चिपची आणि ९ही पिनांची. तीन तारांच्या केबलीत आरटीएस-सीटीएस या ‘थांब-चल’ सांगणाऱ्या तारा नसतात. मग सर्व्हरला ‘थांब’ म्हणायला मोडेमला मार्गच राहत नाही आणि मोठी फाईल उतरताना अक्षरं गळतात.

आणखी दोन तारा जिवाच्या आहेत. डीसीडी सर्व्हरला सांगते की पलीकडच्याने फोन ठेवला. डीटीआर सोडली की सर्व्हर मोडेमला फोन ठेवायला लावतो. मोडेमला ‘अँपरसँड सी १’ आणि ‘अँपरसँड डी २’ देऊन हे दोन्ही चालू करा आणि मोडेमच्या स्मृतीत जपून ठेवा. हे राहिलं तर गिऱ्हाईक निघून गेल्यावरही लाईन अडकून पडते.

पाचवी पायरी: सर्व्हर

इथे थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण रास्पबेरी पाय किंवा कपाटातला जुना लॅपटॉप पुरेसा आहे. लिनक्सवर एमगेटी फोन उचलतो आणि पीपीपीडी (पीपीपी, म्हणजे फोनच्या लाईनीवरून इंटरनेटची पाकिटं नेण्याची पद्धत, चालवणारा प्रोग्रॅम) जोडणी करून आयपी पत्ता देतो. मोडेमची स्वतःहून फोन उचलण्याची सोय बंद ठेवा, घंटा ऐकून उचलणं हे एमगेटीचं काम. समोरून पीपीपीची पाकिटं आली तर तो पीपीपीडीला हाक मारतो, साधा टर्मिनल आला तर लॉगिन विचारतो. त्यामुळे एकाच लाईनवर विंडोज ९८वाला आणि शेल खातेवाला असे दोघेही येऊ शकतात. प्रत्येक लाईनला ठरलेला एक पत्ता द्या, १९२.१६८.५०.१०१पासून पुढे. कोण कुठल्या मोडेमवर आहे ते नोंदवहीत लगेच दिसतं.

खाती दहाच्या वर गेली की फ्रीरेडियस (खाती तपासणारं आणि वापर नोंदवणारं सॉफ्टवेअर) लावा. कुणी कधी जोडलं, किती वेळ होतं, याची नोंद तो १८१३ पोर्टवर घेतो. एका खात्याला एकाच वेळी एकच जोडणी ही मर्यादा पहिल्या दिवसापासून ठेवा. तासांच्या हिशेबाने खाती विकायचो तेव्हा एक पासवर्ड अख्खी गल्ली वापरायची. वापर नसताना १५ मिनिटांनी लाईन सोडण्याची वेळही लावून टाका.

सहावी पायरी: वरची जोडणी

तेव्हा या जागी लीज लाईन (भाड्याने घेतलेली कायमची जोडणी) असायची आणि मालकाची झोप तिनेच उडायची. ३० मोडेम पूर्ण वेगाने ओढायला लागले तर १ मेगाबिट लागतो. पण लोक पान उतरवतात आणि मग वाचत बसतात, त्यामुळे २५६ केबीपीएसवर गाडा चालायचा. ६४वर नाही. ६४ला ३०ने भागलं की माणशी दोनच उरतात.

आज घरच्या ब्रॉडबँडवर हा प्रश्नच नाही, फक्त सर्व्हरवर आयपी मास्करेडिंग (सगळ्यांना एकाच पत्त्याआडून बाहेर नेणं) चालू करावं लागतं. अडचण दुसऱ्या बाजूने येते. ३३.६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ४.२ किलोबाईट. एका मेगाबाईटला चार मिनिटं. आजच्या बातम्यांच्या एखाद्या संकेतस्थळाचं पान तीन मेगाबाईटचं असलं तर बारा मिनिटं थांबावं लागतं, आणि जुन्या ब्राउझरला आजची कूटबद्ध जोडणी समजतच नाही, म्हणजे बारा मिनिटांनंतरही हाती काही नाही. म्हणून केंद्राच्या सर्व्हरवरच हलकी पानं ठेवा. आमच्या मुलांनी गावाचं वेळापत्रक, बाजारभाव आणि आपल्या कविता अशी वीस-वीस किलोबाईटची पानं केली. स्थानिक मेल सर्व्हर लावला. पाच सेकंदांत पान उघडलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

सातवी पायरी: वीज, अर्थिंग, उष्णता

मोडेम एकावर एक रचू नका. मध्ये बोटभर फट ठेवा आणि अडॅप्टर वेगळ्या पट्टीवर, मोडेमपासून लांब लावा. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरांना तापवतो आणि लाईनीत गुणगुण घालतो. शुद्ध साईन वेव्हचा यूपीएस घ्या.

इमारतीबाहेरून एक जरी तार आत येत असेल तर वळिवाच्या आधी संरक्षण लावा. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमचे ५ मोडेम एकदम गेले. वीज इमारतीवर पडली नव्हती, दूर कुठेतरी केबलजवळ पडली होती. तारा जोडायच्या क्रोनच्या पट्टीवर जीडी ट्यूब (संरक्षणाच्या वायू भरलेल्या नळ्या) होत्या, पण त्यांची तार ज्या खड्ड्यातल्या अर्थिंगला गेली होती तो खड्डा उन्हाळ्याने कोरडा ठणठणीत पडला होता. ट्यूबने अतिरिक्त दाब जमिनीत सोडायचा असतो आणि आमच्याकडे जमीन जोडलेलीच नव्हती म्हणायची. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. विजेच्या मीटरचं अर्थिंग आणि टेलिफोनचं अर्थिंग एकमेकांना जोडून घ्या, दोन्हींत दाबाचा फरक राहिला तर तो मोडेममधूनच वाट काढतो.

आठवी पायरी: चाचणी

पहिला फोन लावताना मोडेमचा स्पीकर चालू ठेवा आणि मुलांना ऐकवा. उत्तर देणारा मोडेम २१०० हर्ट्झचा सूर धरतो आणि मध्येमध्ये त्याची कला (फेज, म्हणजे लहरीची स्थिती) उलटवतो. वाटेतल्या इको कॅन्सलरांना तो ‘बाजूला व्हा’ असा इशारा असतो. त्यानंतरच्या खरखरीत दोघे मिळून लाईन तपासतात, कुठल्या सुरांवर किती गोंगाट आहे ते मोजतात आणि वेग ठरवतात. २८.८च्या वर वेग आला तर लाईन चांगली आहे. १४.४ आला तर आधी तार बदलून बघा, मोडेम नंतर.

मग मोठी फाईल उतरायला लावा आणि अर्धा तास नोंदवही बघत बसा. शेवटी गिऱ्हाइकाच्या बाजूची फोनची तार खसकन उपटा. मिनिटाच्या आत केंद्राचा मोडेम मोकळा होऊन पुढच्या फोनला तयार झाला पाहिजे. नाही झाला तर डीसीडीची तार आणि ‘अँपरसँड सी १’ पुन्हा तपासा.

एक तपासणी रोज करायची. हंटिंगमध्ये पहिल्या लाईनचा मोडेम गोठला तर तो फोन उचलत नाही, म्हणून त्याची लाईन कायम मोकळी दिसते आणि एक्स्चेंज येणारा प्रत्येक फोन इमानाने त्याच्याकडेच पाठवतं. बाकीचे १५ मोडेम धडधाकट असूनही अख्ख्या गावाला नुसती घंटा ऐकू येते. सर्व्हरच्या नोंदीत तेव्हा एकही चूक दिसत नाही. म्हणून दररोज सकाळी साध्या फोनवरून पायलट नंबर (हंटिंगचा तो एकच सामाईक नंबर) फिरवा आणि मोडेमचा सूर कानाने ऐका. घंटा तिसऱ्यांदा वाजली तर त्या मोडेमला समांतर लावलेला फोन उचलून बाजूला ठेवा. लाईन एंगेज होते, पुढचे फोन दुसऱ्या लाईनीवर जायला लागतात, आणि बिघडलेला मोडेम मग निवांत खोलून बघता येतो.